पेशगीने नोकर बांधला जातो, त्याचे मन नाही

धावडा आणि परिसरातील कोणत्याही दुकानदाराला, शिंप्याला, वेल्डिंगवाल्याला किंवा गॅरेजवाल्याला विचारा की धंद्यातील सर्वांत मोठी अडचण कोणती? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असे: भांडवल. आता उत्तर बदलले आहे. माल उधारीवर मिळतो, सुरत आणि मालेगावची पार्टी गठ्ठे घरपोच पाठवते, बँकही दारात येते. मिळत नाही तो माणूस. आणि मिळाला तर टिकत नाही.

आमचे धावडा भोकरदन तालुक्यात, बुलडाणा जिल्ह्याच्या सीमेजवळ आहे. कापूस, मका आणि मिरची यांवर इथला सगळा बाजार चालतो. मिरचीचा तोडा सुरू झाला की दुकानातील पोरगा पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात हमालीला जातो, कारण तिथे संध्याकाळी रोख पैसे हातात पडतात. कोणी वाळूजच्या कारखान्यात जातो, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला. जो राहतो तो शरीराने गादीवर आणि मनाने मोबाईलवर असतो. गिऱ्हाईक दारात उभे राहते आणि तो मान वर करत नाही. मालक म्हणतो, "आजकालच्या पोरांना कामाची ओढच नाही." आमचा प्रश्न असा आहे की ही ओढ निर्माण करण्यासाठी आपण मालकांनी काय केले?

मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र खाते असते. त्याला मनुष्यबळ व्यवस्थापन म्हणतात. हे नाव ऐकून दोन-तीन नोकरांचा दुकानदार हसतो आणि म्हणतो, हे टाटा-बिर्लांचे काम. पण या शास्त्राचा गाभा अगदी साधा आहे. माणूस निवडावा कसा, त्याला शिकवावे कसे, मोबदला द्यावा कसा आणि त्याचे मन कामात गुंतावे कसे, एवढेच त्यात आहे. हे चारही प्रश्न धावड्याच्या कापड दुकानातही रोज उभे राहतात.

पेशगीचा फास

नोकर टिकवण्याचा आपल्याकडील सर्वांत जुना उपाय म्हणजे पेशगी. ऊसतोडीत तिला उचल म्हणतात, आपल्या दुकानांत आणि कारखान्यांत पेशगी. बहिणीचे लग्न, आईचे ऑपरेशन, घराचे पत्रे, अशा कारणाने नोकर वीस-तीस हजार मागतो आणि मालक देतो. देताना मालकाच्या मनात दोन गोष्टी असतात. एक मदतीची, दुसरी हिशेबाची: आता हा वर्ष-दोन वर्षे कुठे जात नाही.

मदत म्हणून दिलेली रक्कम ही नेकी आहे, तिच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. परंतु माणूस अडकवण्यासाठी दिलेली पेशगी धंद्याचे नुकसानच करते. पेशगी फिटेपर्यंत नोकर येतो, पण तो कामाला येत नाही, कर्ज फेडायला येतो. त्याचे लक्ष घड्याळाकडे असते. पेशगी फिटली की त्याच महिन्यात तो जातो, आणि दुसरा मालक जास्त पेशगी देऊन त्याला घेतो. म्हणजे बाजारात चढाओढ लागते ती माणसाच्या कसबाची नव्हे, त्याच्या कर्जाची. शिवाय कर्जाच्या जोरावर कोणाला काम सोडू न देणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते.

बेमन कामाची किंमत किती होते याचा हिशेब करून पाहावा. समजा नोकर दिवसाला तीस तुकडे फाडतो आणि दुर्लक्षामुळे प्रत्येक तुकड्यात पाच सेंटिमीटर कापड जास्त जाते. दिवसाला दीड मीटर झाले. महिन्याच्या पंचवीस दिवसांत साडेसदतीस मीटर. मीटरचा भाव १५० रुपये धरला तर महिन्याला ५,६२५ रुपये गेले. यात परत गेलेले गिऱ्हाईक, चुकीच्या घडीने खराब झालेले ताके आणि लग्नसराईत हातचा गेलेला बस्ता धरलेला नाही. मालक पगारात पाचशे रुपये वाढवायला का-कू करतो आणि इकडे मीटरपट्टीवरून हजारो रुपये ओघळून जातात.

नागपूरच्या गिरणीचे उदाहरण

हा रोग नवा नाही आणि त्यावरील उपायही आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच कापडधंद्यात सापडला होता. जमशेटजी टाटा यांनी नागपूर येथे एम्प्रेस मिल काढली. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस भोवताली पिकत होता, यंत्रे आली होती, पण माणसे कामावर येत नव्हती. रोज साधारण पाचांपैकी एक कामगार गैरहजर असे. शेतीवर वाढलेल्या माणसाला भोंग्यावर चालणारे आयुष्य परके वाटत होते.

त्या काळच्या गिरणी मालकांचा नेहमीचा इलाज दंडाचा होता. जमशेटजींनी वेगळा विचार केला. कामगाराच्या पुढील दिवसांसाठी प्रॉव्हिडंट फंड सुरू केला. अपघात झाल्यास औषधोपचाराचा खर्च मिळेल अशी सोय केली. कुटुंबासह खेळांचे दिवस ठेवले आणि चांगल्या कामगारांना घड्याळ, सोन्याची साखळी, रोख रक्कम अशी बक्षिसे दिली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई तेथे सुरू झाली. अपघातग्रस्त कामगाराला भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये आला, म्हणजे गिरणी कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे पुढे होती. ही गिरणी आज चालू नाही. कापड गिरण्यांवर जे संकट आले त्यातून तीही सुटली नाही. पण शतकभराहून जास्त काळ तिने नागपूरला रोजी दिली.

यातून आपण घ्यायची गोष्ट कोणती? कामगार गैरहजर राहतो तेव्हा दोष फक्त त्याच्या आळसात शोधू नये. या कामात माझे आणि माझ्या मुलाबाळांचे काय भले आहे, हे त्याला दिसते की नाही ते आधी पाहावे.

तीन गोष्टी

कामात मन गुंतण्याचा शास्त्रीय अभ्यास पुढे पुष्कळ झाला. अमेरिकेतील विल्यम कान या प्राध्यापकांनी १९९० मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांच्या उन्हाळी शिबिरात काम करणाऱ्यांचा आणि इमारतींचे नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीतील लोकांचा अभ्यास केला होता. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा की माणूस कामात जीव ओततो तो तीन गोष्टी असतील तर. पहिली, आपल्या कामाला काही मोल आहे असे त्याला वाटावे. दुसरी, बोललो किंवा चुकलो तर आपली बेइज्जती होणार नाही याची त्याला खात्री असावी. तिसरी, त्याच्या अंगात आणि मनात कामासाठी ताकद शिल्लक असावी. घरची चिंता आणि थकवा यांनी तो आधीच रिकामा झालेला नसावा.

हे वाचून आम्हाला परके काही वाटले नाही. हजरत अनस (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची दहा वर्षे सेवा केली आणि त्या काळात एकदाही त्यांना नाराजीचा उद्गार ऐकावा लागला नाही, अमुक का केले किंवा का केले नाही असा जाबही कधी विचारला गेला नाही, हे त्यांनीच सांगितले आहे. नोकर हे तुमचे भाऊ आहेत, आपण खातो-ल्यातो तेच त्यांना द्यावे, त्यांच्या ताकदीबाहेरचे काम टाकू नये आणि टाकलेच तर स्वतः हात लावावा, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. वरील दुसरी आणि तिसरी गोष्ट यात पूर्ण आली. जुम्याच्या बयानात आपण हे ऐकतो आणि शनिवारी दुकानात गिऱ्हाइकासमोर पोराला "अक्कल आहे का?" म्हणतो. चारचौघांत झालेला तो अपमान पोरगा विसरत नाही. त्यानंतर थानात डाग दिसला तरी तो सांगत नाही. सांगणारा शिव्या खातो हे तो शिकलेला असतो.

अटी आधी, काम नंतर

आपल्याकडे बहुतेक भांडणे न ठरवलेल्या गोष्टींवरून होतात. "या उद्यापासून, बघू काय द्यायचे ते," अशी आपली नेमणूक. महिना भरला की मालकाच्या मनात एक आकडा असतो आणि नोकराच्या मनात दुसरा.

दिव्य कुरआनातील सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) यांचा मदयन येथील प्रसंग आला आहे. तेथील वृद्ध गृहस्थांच्या मुलीने त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस केली ती दोन गुणांवर: ताकद आणि अमानतदारी. आजच्या भाषेत कसब आणि विश्वास. मग त्या गृहस्थांनी मुदत सांगितली: आठ वर्षे. दहा पूर्ण केलीस तर ती तुझी मर्जी. तुला जाचात टाकण्याची माझी इच्छा नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. निवड, मोबदला, मुदत, कोणते काम सक्तीचे व कोणते खुशीचे, आणि वागणुकीची हमी, सर्व काही कामाच्या आधी ठरले. यापेक्षा चांगले नेमणूकपत्र कोणते असेल?

कायदाही आता हेच मागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नेमणूकपत्रावर भर आहे. वेतन संहितेनुसार महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. नोकराने काम सोडले किंवा त्याला काढले तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब पुरा करायचा असतो. पेशगीसह सर्व कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून जास्त कापता येत नाही. चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीवर ठेवणे तर कोणत्याही धंद्यात बेकायदेशीर आहे, मग त्याला आपण "शागिर्द" म्हणा की "हाताखालचा पोऱ्या". त्या मुलाची जागा मदरशात आणि शाळेत आहे.

शागिर्दाला धंदा शिकवा

आपल्या कारागिरांमध्ये एक जुनी भीती आहे: सगळे शिकवले तर पोरगा उद्या समोर दुकान टाकेल. म्हणून शिंपी उस्ताद शागिर्दाकडून चार वर्षे काज-बटण करून घेतो आणि कटिंगच्या टेबलाजवळ येऊ देत नाही. कापड दुकानदार नोकराला घड्या घालायला लावतो, पण खरेदीचा भाव आणि मालाची पारख सांगत नाही.

ही भीती खोटी नाही, पण तिचा हिशेब चुकतो. ज्याला शिकण्याची आशा नाही तो सहा महिन्यांत जातो, आणि नवीन पोराला पॉलिस्टर व कॉटनचा फरक कळेपर्यंत एक लग्नसराई निघून जाते. ज्याला दरवर्षी काही नवीन मिळते तो थांबतो. समजा पाच-सहा वर्षांनी त्याने शेजारच्या गावात दुकान टाकलेच, तर तो आपलाच गिऱ्हाईक होऊ शकतो. छोटा दुकानदार सुरतेहून पूर्ण गठ्ठा आणू शकत नाही, तो ओळखीच्या ठिकाणाहून चार-चार ताके नेतो. शिकवलेला माणूस दुश्मन होतो की आडतीचे नाते जोडतो, हे त्याला निरोप कसा दिला यावर ठरते.

शिकवणे म्हणजे ऐकणेही. आमच्या दुकानात महिन्यातून एकदा, असरनंतर गर्दी कमी असते तेव्हा, सगळे बसतात आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो: या महिन्यात कोणते गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेले आणि का? एका जुन्या मदतनिसाने सांगितले की बायका साडी इथे घेतात, पण अस्तर आणि फॉल-पिकोसाठी त्यांना दुसरीकडे जावे लागते, मग पुढच्या वेळी साडीही तिथेच घेतात. आम्ही एक पिको मशीन बसवले. ते चालवायला गावातीलच एका गरजू भगिनीला काम मिळाले आणि साडीचे गिऱ्हाईकही थांबले. ही गोष्ट आम्हाला गल्ल्यावर बसून दिसली नसती. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला ती रोज दिसत होती, फक्त त्याला विचारायला हवे होते.

वाढीत वाटा

पगार वेळेवर दिला, इज्जत दिली, शिकवले. तरीही एक गोष्ट उरते: धंदा वाढला तर माझे काय?

येथे खानदेशातील अमळनेरची आठवण करावी. मोहम्मद हाशम प्रेमजी या तांदळाच्या व्यापाऱ्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली आणि अमळनेरला कारखाना काढला. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण सोडून परतले आणि त्यांनी सूत्रे हाती घेतली. हीच पुढे जगप्रसिद्ध झालेली विप्रो. १९८४ मध्ये कंपनीने कर्मचाऱ्यांना शेअर देण्यासाठी एक ट्रस्ट स्थापन केला. अमळनेर गावातील अनेक साध्या कुटुंबांकडेही कंपनीचे शेअर होते आणि ते सांभाळून ठेवणाऱ्यांचे नशीब बदलले, ही गोष्ट खानदेशात सर्वश्रुत आहे. तूप आणि साबण बनवणाऱ्या कंपनीने वाटा देण्याची तयारी दाखवली, हे आमच्यासारख्या व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

दुकानदाराकडे शेअर नसतात, पण वाटा देता येतो. उदाहरण घ्या. गेल्या लग्नसराईपेक्षा यंदा दोन लाखांची विक्री जास्त झाली. पंधरा टक्के सुटले तर ३०,००० रुपये वाढीव नफा. त्यातील तिसरा हिस्सा, म्हणजे १०,००० रुपये, दोन नोकरांत वाटला. मालकाच्या खिशातून काही गेले नाही, कारण ही रक्कम आली ती वाढीतूनच. मात्र हे हंगामाआधी सांगावे, रोजमेळ त्यांच्यासमोर मांडावा आणि शब्द पाळावा. शेवटी मर्जी म्हणून हातात ठेवलेली नोट ही बक्षिसी होते. आधी ठरलेला वाटा हा हक्क असतो, आणि हक्कासाठी माणूस वेगळ्या जोमाने काम करतो.

आज करता येण्यासारखे

एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये म्हातारपणाची सोय केली. आज ती करणे धावड्याच्या दुकानदारालाही शक्य आहे. केंद्र सरकारची श्रमयोगी मानधन योजना २०१९ पासून आहे. १८ ते ४० वयाच्या, महिना १५,००० पर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगाराने वयानुसार ५५ ते २०० रुपये महिना भरले की तेवढीच रक्कम सरकार भरते आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. हा हप्ता मालकाने भरला तर किती भार पडेल? एका गिऱ्हाइकाच्या चहा-पाण्याइतका. ई-श्रम नोंदणीही मोफत आहे. अपघात विम्याची सरकारी योजना वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देते. विम्याविषयी ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आलिमांचा सल्ला घ्यावा, किंवा गल्ल्यातून रोज दहा-वीस रुपये बाजूला टाकून नोकरांच्या दुखण्या-खुपण्यासाठी स्वतःचा डबा ठेवावा. गरज पडेल तेव्हा त्यातून मिळालेली मदत पेशगीपेक्षा कितीतरी हलकी असते.

सुट्टीचेही तसेच. ईदला दुकान बंद असतेच. दुकानात हिंदू मदतनीस असेल तर पोळा आणि दिवाळीची सुट्टी त्याने मागण्याआधी आपण सांगावी. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत रात्री बारापर्यंत गर्दी असते. त्या जादा तासांचा हिशेब वहीत लिहून वेगळा द्यावा, "ईद आहे ना" म्हणून तो पगारात मिसळू नये.

व्यापारी आणि कारागीर बंधूंना आमची विनंती एवढीच आहे. येती लग्नसराई सुरू होण्यापूर्वी एक वही करावी. प्रत्येक नोकराच्या नावाचे एक पान, त्यावर पगार, पगाराची तारीख, कामाचे तास, सुट्ट्या, दिलेली पेशगी व ती फेडण्याचा हप्ता, यंदा शिकवायचे काम आणि हंगामातील वाटा लिहावा. खाली दोघांच्या सह्या असाव्यात आणि एक प्रत नोकराच्या घरी जावी. गिऱ्हाइकाच्या उधारीचा पै-पैचा हिशेब आपण लिहून ठेवतो, कारण तिथे आपले घेणे असते. नोकराच्या पानावर आपले देणे असते. कयामतच्या दिवशी विचारणा या देण्याचीही होणार आहे.